माशीआत्याच्या दहा बरण्या

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना सगळी इमारत माशीआत्या म्हणते. त्यांचे खरे नाव टपालवाल्याला तेवढे ठाऊक असावे. गेली एकोणीस वर्षे त्या जीवशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत माश्यांचा स्वयंपाक करतात. नेमणुकीच्या कागदावर काहीतरी भारदस्त लिहिलेले असेल, पण काम हेच. पिकलेल्या केळ्याभोवती बारीक, लाल डोळ्यांच्या माश्या घिरट्या घालतात ना, त्या फळमाश्या. आनुवंशिकीच्या लोकांचा त्यांच्यावर फार जीव. दहा दिवसांत अंड्याची माशी होते, फारसे काही मागत नाही आणि काचेच्या बरणीत सुखाने संसार करते. तिला लागते मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि घट्टपणासाठी समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली अगरची पूड. आत्या हे सारे मोठ्या पातेल्यात शिजवतात, खळीसारखे दाट झाले की बरण्यांच्या तळाशी ओततात आणि निवायला ठेवतात.

त्याआधी त्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. "तिथं दीडशे मुली होत्या आणि रोज एकीला तरी मीठ कमी वाटायचं," त्या सांगतात. "इथं हजारांनी जेवायला असतात. एकीची तक्रार नाही."

बेताची उंची, झपझप चाल आणि नजर सतत हवेत. निसटलेली माशी दिसली की बोलता बोलता हात पुढे करून ती चिमटीत धरतात. पण पुन्हा बरणीत सोडत नाहीत. कुठल्या घरातून पळाली हे कळायला मार्ग नसतो, आणि घर माहीत नसलेलीला आत घ्यायचे नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. माझ्या स्वयंपाकघरातही त्यांनी एकदा अशी एक धरली आणि तिच्याकडे इतक्या संशयाने पाहिले की मला वाटले, आता हिला नाव विचारणार.

त्यांच्या सरांचा एक जुना प्रयोग आहे. तो समजला नाही तर पुढची गोष्ट समजणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. एकवीस वर्षांपूर्वी सरांनी एकाच ठिकाणच्या, एकाच कुळातल्या पुष्कळ माश्या घेतल्या आणि त्यांची दहा बरण्यांत वाटणी केली. पाच बरण्यांतल्या माश्या दोन आठवड्यांच्या झाल्या की त्यांची अंडी उचलायची आणि त्यांतून पुढची पिढी वाढवायची. या नेहमीच्या. उरलेल्या पाच बरण्यांत थांबायचे. माश्या दहा आठवड्यांच्या, म्हणजे चांगल्या म्हाताऱ्या होईपर्यंत अंडी उचलायचीच नाहीत. तोवर बहुतेक माश्या मरून जात. ज्या तग धरून असत आणि त्या वयातही अंडी घालत, फक्त त्यांचीच मुले पुढे जायची. या उशिराच्या. अन्न तेच, खोली तीच, ऊब तीच. फरक एवढाच, की अंडी केव्हा उचलायची.

"आता उशिराच्या माश्या दुप्पट जगतात," आत्यांनी मला पहिल्या ओळखीत सांगितले होते. नेहमीची माशी दीड-एक महिन्यात आटोपते. उशिराची तीन महिने बरणीच्या भिंतीवर चढत असते. मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. उत्क्रांतीच्या धड्यावर मी दर वर्षी एक वाक्य फळ्यावर लिहीत असे: हा बदल लाखो वर्षांत होतो, तो एका आयुष्यात डोळ्यांना दिसत नाही. हे मी त्यांना सांगितले. आत्यांनी ते ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "मला दिसला की, बाई. मी रुजू झाले तेव्हा उशिराच्या दहा आठवडे जेमतेम गाठायच्या. मूठभर उरायच्या. आता बरणी भरलेली असते."

मी घरी येऊन हिशेब मांडला. उशिराच्या बरण्यांत वर्षाला पाच पिढ्या. एकवीस वर्षांत शंभर. माणसाच्या मापाने अडीच हजार वर्षे. त्यातली बहुतेक वर्षे या बाईंच्या हाताखालून, त्यांनी शिजवलेल्या अन्नावर गेली होती.

दहा बरण्यांच्या तोंडांवर कापडी टोप्या असत. त्या आत्यांचे यजमान शिवत. ते शिंपी. दुकान बंद केले तरी मशीन घरात आहे आणि पाय अजून त्यावर. नेहमीच्या बरणीच्या टोपीला निळी किनार, उशिराच्या बरणीच्या टोपीला लाल, आणि मधोमध पांढऱ्या दोऱ्याने आकडा, एक ते पाच. म्हणजे एक नंबरच्या दोन बरण्या, एक निळी, एक लाल. दोन नंबरच्या तशाच दोन. अशा पाच जोड्या. शिवाय काचेवर कागदी चिठ्ठी चिकटवायची. सरांचा नियम असा, की माश्या नव्या बरणीत गेल्या की त्याच क्षणी चिठ्ठी. आत्या मात्र आधी सगळ्या बरण्या बदलत, चहा घेत आणि मग दहाही चिठ्ठ्या एका दमात लावत. टोपीची किनार डोळ्यांसमोर असताना घाई कसली? एकोणीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

त्या बुधवारी यजमानांनी शिवलेल्या नव्या टोप्या पहिल्यांदाच वापरात आल्या. बरण्या आणि टोप्या आधी वाफेवर शुद्ध करतात. ते यंत्र म्हणजे माणूसभर उंचीचा प्रेशर कुकर. आत्यांनी टोप्यांचे दोन ढीग केले, ओलेपणी सगळ्याच गडद दिसणाऱ्या टोप्या ढिगांतून बघून-न बघून उचलल्या, जुनी बरणी हलके आपटून माश्या खाली पाडल्या, नव्या बरणीत उलट्या केल्या, टोपी घातली. दहा वेळा. जुन्या बरण्या पाण्यात गेल्या. नव्या बरण्या फळीवर गेल्या, त्याही सरमिसळ, कारण कोणत्याच कुळाला उबदार कोपरा कायमचा मिळू नये म्हणून जागा दर वेळी सोडत काढून ठरतात. मग चहा.

चहा घेऊन परतल्या तर टोप्या वाळल्या होत्या आणि दहाही किनारी एकाच रंगाच्या झाल्या होत्या. लाल निळ्यात उतरला होता, निळा लालमध्ये. सगळीकडे मळकट जांभळा.

आकडे वाचता येत होते. पण एक नंबरच्या दोन बरण्यांतली निळी कोणती आणि लाल कोणती? त्यात सरांची विद्यार्थिनी, जिला आत्या चष्मेवाली म्हणतात, तिच्या शेवटच्या मोजणीसाठी या वेळी दहाही बरण्यांतल्या माश्या एकाच दिवशी उपजवल्या होत्या. सगळ्या माश्या एका वयाच्या. दिसायला अगदी सारख्या. आत्यांनी डोळे मिटून आपले हात कसे फिरले ते आठवले, आणि आठवले तशा चिठ्ठ्या लावून टाकल्या. कुणाला काही सांगितले नाही.

आठ दिवसांनी, गुरुवारी संध्याकाळी, त्या माझ्याकडे वर आल्या. बसल्या नाहीत. दारातच विचारले, "बाई, माशी बघून तिचं कूळ ओळखता येतं का हो? तुम्ही पुस्तकं वाचता."

मी म्हटले, डोळ्यांचा किंवा पंखांचा काही फरक असेल तर येईल. तसा काही नव्हता. मग त्यांनी बसून सगळे सांगितले. चष्मेवालीचे हे शेवटचे वर्ष. रोज सकाळी ती प्रत्येक बरणीतल्या मेलेल्या माश्या बाहेरून, काचेतूनच मोजते, शेवटची मरेपर्यंत मोजणार आहे, आणि त्यावर तिचा प्रबंध उभा राहायचा आहे. ते तर होतेच. पण येत्या सोमवारी निळ्या बरण्यांची अंडी उचलायची होती. एखाद्या जोडीत अदलाबदल झाली असेल, तर उशिराच्या माश्यांची अंडी नेहमीच्यांच्या घरात जाणार. त्यानंतर ते कूळ कुणालाच सोडवता आले नसते. सरांची एकवीस वर्षे, पोरीची पाच. आणि कुणाला कधी कळलेही नसते. हेच आत्यांना जास्त खात होते.

"यजमान काय म्हणतात?" मी विचारले.

"ते तीनदा जाऊन दुकानदाराशी भांडून आले. म्हणे, रंग पक्का आहे असं त्यानं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं. मी म्हटलं, अहो, त्याचे डोळे पक्के होते. रंग नव्हता."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. त्या पुन्हा म्हणाल्या, की आठवते तसे तर नक्कीच लावले आहे. चारच्या जोडीबद्दल तर त्या शपथेवर सांगतील, कारण लाल चार घालताना त्यांना शिंक आली होती. एकच्या आणि तीनच्या जोडीबद्दल मात्र मन खात होते. मग त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"सोमवारला किती दिवस आहेत?" मी विचारले.

"मधले तीन," त्या म्हणाल्या, आणि उठल्या. "म्हणजे उद्याच सांगायला हवं."

शुक्रवारी सकाळी त्यांनी सांगितले. पुढचे सारे मला त्यांच्याकडून आणि नंतर चष्मेवालीकडूनही कळले, आणि दोघींच्या सांगण्यात फरक नाही. सरांनी ऐकताना चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्मेवाली पांढरी पडली. सर रागावतील म्हणून आत्यांनी पदर घट्ट धरला होता. सरांनी विचारले ते एवढेच, "आत्या, फळीवर ठेवल्यापासून एकाही बरणीची टोपी उघडली आहे का?"

"नाही. अन्न बदलायचा दिवस उद्या होता."

"मग काही हरवलेलं नाही," सर म्हणाले. "टोपीचा रंग गेला. माश्यांचा थोडाच गेलाय?"

आत्यांना याचा अर्थ कळला नाही. चष्मेवालीने तो समजावला, आणि पुढे दोन दिवस त्या दोघी एकमेकींच्या मागे-पुढे होत्या.

प्रत्येक बरणीतून वीस माश्या घ्यायच्या. प्रत्येक माशी वेगळी चिरडायची. हे आत्यांना जड गेले. त्यांनी माश्यांना निजवणारा वायू सोडला आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. चिरडलेल्या माशीतून डीएनए काढायचा. एका माशीचा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चष्मेवालीने आत्यांसाठी मुद्दाम जुन्या, मेलेल्या शेदोनशे माश्यांचा एकत्र काढून दाखवला. काचेच्या नळीत थंडगार अल्कोहोल हळूच ओतले, आणि दोन थरांच्या मध्ये पांढरट, कापसाच्या तंतूसारखे काहीतरी वर तरंगत आले. माशीचे डोळे लाल का, पंख दोन का, ती किती दिवस जगणार, ते सगळे यात लिहिलेले असते, आणि अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत याची पूर्ण प्रत असते, पोरगी म्हणाली. आत्यांनी नळी खिडकीशी धरली. "एकोणीस वर्षं जेवण घालतेय," त्या म्हणाल्या, "आणि हे मला कुणी दाखवलं नाही."

मजकूर केवढा तरी लांब, पण सगळा वाचायची गरज नव्हती. त्यात एक जागा अशी होती, की तिथला तुकडा काही माश्यांत लांब असतो, काहींत आखूड. प्रत्येक माशीकडे दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. म्हणून एखादीत दोन्ही आखूड, एखादीत दोन्ही लांब, एखादीत एक-एक. सरांनी सगळ्यात पहिल्या माश्या, एकवीस वर्षांपूर्वीच्या, खोल गोठवून जपल्या आहेत. त्या पूर्वजांत दोन्ही प्रकार जवळपास निम्मे-निम्मे होते. मग अंडी उचलण्याची वेळ वेगळी झाली आणि दोन्ही घराण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. उशिराच्या पाचही कुळांत आखूड तुकडा पिढीमागून पिढी वाढत गेला. नेहमीच्यांत लांबच जास्त राहिला. कुणी कुणाला काही शिकवले नव्हते. कुणा माशीने जास्त जगायचे ठरवले नव्हते. म्हातारपणी अंडी देऊ शकलेल्यांचीच मुले उरली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा मजकूर उरला. बस.

तेवढ्याच तुकड्याच्या एका यंत्रात दोन तासांत अब्जावधी नकला काढतात. मग त्या एका पारदर्शक वडीच्या टोकाशी खाचांत भरतात आणि वडीतून वीज सोडतात. तुकडे सरकू लागतात. आखूड तुकडे गर्दीतून लहान मुले निसटावीत तसे पुढे पळतात, लांब तुकडे मागे रेंगाळतात. कोण कुठवर गेले ते निळ्या दिव्याखाली दिसते.

ही वडी चष्मेवालीने ओतली तेव्हा आत्या शेजारी उभ्या होत्या. "गुठळ्या राहिल्यात," त्या म्हणाल्या.

"आत्या, हे स्वयंपाकाचं नाही."

"मग कशाचं आहे?"

ती वडी अगरपासूनच काढलेल्या पदार्थाची असते. त्याच शेवाळाची. आत्यांनी बाटली हुंगली, वाचली आणि पदर खोचला. त्यानंतरच्या नऊ वड्या त्यांनी ओतल्या. त्या अशा नितळ, की सरांनी उजेडात धरून पाहिल्या आणि त्या एका क्षणी त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी हसले.

रविवारी दुपारी शेवटची वडी दिव्याखाली गेली. पोरगी वाचत होती, सर मागे उभे, आत्या स्टुलावर. दर वडीत वीस रांगा, वीस माश्या. एकची जोडी: लालमध्ये बहुतेक रांगा पुढे पळालेल्या, निळ्यात मागे. चिठ्ठ्या बरोबर. दोनची बरोबर. तीनची, जिच्यासाठी आत्यांनी दोन रात्री झोप घालवली होती, ती बरोबर. पाचची बरोबर.

चारची जोडी उलटी होती.

पोरीने पुन्हा पाहिले. लाल चिठ्ठीच्या बरणीत वीसपैकी सोळा माश्यांत नुसता लांब तुकडा. निळ्या चिठ्ठीच्या बरणीत सतरांत नुसता आखूड. शंकेला जागाच नव्हती. आत्या ज्या एका जोडीवर शपथ घ्यायला तयार होत्या, नेमकी तीच.

"म्हणजे मी गप्प राहिले असते तर..." आत्या म्हणाल्या.

सर म्हणाले, "तुम्ही गप्प राहिला नाहीत. म्हणून तर आपण इथं आहोत." मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, की एकवीस वर्षांत हा प्रयोग इतक्या कडक परीक्षेला कधी बसला नव्हता. कोण कोण आहे हे माहीत नसताना माश्यांनी स्वतःच सांगितले.

पण आत्यांचा प्रश्न अजून सुटला नव्हता. तो माश्यांचा नव्हता, हातांचा होता. सोमवारी चारच्या चिठ्ठ्या बदलल्या, निळ्या बरण्यांची अंडी उचलायची वेळ आली, आणि आत्या पुढे होईनात. आपल्याला आठवते यावर आपला आता भरवसा नाही, हे काम पोरीने करावे, त्या म्हणाल्या. चष्मेवालीने काही समजूत घातली नाही. तिने एक वही आणली, मधोमध रेघ मारली आणि सांगितले, की आजपासून बरणी उघडण्याआधी एकीने चिठ्ठी मोठ्याने वाचायची, दुसरीने लिहायची, दोघींनी सही करायची. चिठ्ठी माश्यांच्या आधी, चहा सगळ्यात शेवटी. "मलाही आठवण्यावर भरवसा नाही, आत्या," ती म्हणाली. "मी सकाळी डोक्यावरचा चष्मा दहा मिनिटं शोधत होते."

आत्यांनी अंडी उचलली.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी त्यांनी मला प्रयोगशाळेत नेले. खोली छोटी, दमट, यीस्टच्या वासाची. फळीवरून त्यांनी चारच्या दोन्ही बरण्या काढल्या आणि माझ्यासमोर मेजावर ठेवल्या. एकाच दिवशी जन्मलेल्या माश्या, आता साठ दिवसांच्या. पूर्वज एक. अन्न एकाच पातेल्यातले. आत्यांनी दोन्ही बरण्या हलकेच आपटल्या.

एकीत बऱ्याचशा जागा रिकाम्या होत्या. तळाशी थोड्या माश्या, त्यांतल्या दोन-तीन पाय झाडत भिंतीला लागल्या, बोटभर चढल्या आणि घसरल्या. दुसरीत शेकडो माश्या एकदम वर निघाल्या. काचेवरून काळी साय वर सरकावी तशा, एकमेकींना ओलांडत, थेट टोपीपर्यंत. मी शाळेत तीस वर्षे फळ्यावर जे लिहीत आले, ते माझ्यापासून हातभर अंतरावर भिंत चढत होते. मी किती वेळ पाहत राहिले ते मला सांगता येणार नाही. आत्यांनी पुन्हा आपटली. त्या पुन्हा चढल्या.

"मी काही केलं नाही हो, बाई," आत्या हळू आवाजात म्हणाल्या. देवळात बोलावे तसा तो आवाज होता. "जेवण घातलं आणि म्हाताऱ्यांची अंडी उचलली. बाकी त्यांचं त्यांनी केलं."

मग चष्मेवाली आत आली. तिने पहिल्या बरणीची चिठ्ठी मोठ्याने वाचली, नेहमीच्या, चार. आत्यांनी ती वहीत लिहिली, उरलेल्या माश्या मोजल्या, अकरा, आणि दोघींनी खाली सह्या केल्या.